मिरजेचं ‘मरिज’: ओपन सोर्स वैज्ञानिक सॉफ्टवेअरला हातभार लावायचा तर

२०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत महिनाभर एकच विषय होता: कुणाच्या भिंतीवर चिखलाची रेघ कुठवर आलीय. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वर्तमानपत्रात रोज छापून आलेल्या पातळ्या मी एका फाइलीत भरल्या आणि पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यांचा आलेख काढायला बसलो. शेजारच्या काकांना दाखवायचा होता, म्हणून नावं मराठीत घातली.

अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) स्वतःसोबत देजावू सान्स नावाचा फाँट आणते आणि त्यात देवनागरी नाहीच. फाँट बदलला. अक्षरं उमटली, पण ‘मिरज’च्या जागी ‘मरिज’, आणि ‘कृष्णा’तला ष पाय मोडून ण पासून वेगळा उभा. काका चष्मा वर करून म्हणाले, “हे मरिज कुठलं रे? आजारी गाव काय?”

त्याचं कारण नंतर कळलं. संगणकाच्या लेखी ‘मि’ म्हणजे आधी म, मग वेलांटी. ती वेलांटी म च्या डावीकडे नेऊन काढायची, ष् आणि ण यांचं जोडाक्षर करायचं, हे काम टेक्स्ट शेपिंग करणारा वेगळा भाग करतो, आणि माझ्याकडच्या आवृत्तीत तो भाग नव्हता. वेलांटी म नंतर काढली गेली आणि पुढच्या र ला जाऊन चिकटली.

मला वाटलं, मोठाच बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, गावला. दोन तास खपून इंग्रजीत तक्रार लिहिली. पाठवायच्या आधी सहज शोधलं, तर तोच मुद्दा कितीतरी वर्षांपूर्वी कुणीतरी नोंदवलेला होता. लिहिलेलं सगळं पुसलं. माझे दोन तास गेले, पण समोरच्याची दहा मिनिटं वाचली. या कामातली माझी पहिली कमाई तीच, असं मी आजही मानतो.

पुढचं सगळं त्याच हिशेबावर उभं आहे. मॅटप्लॉटलिबसारख्या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, वैज्ञानिक प्रकल्पांना उत्साही पोरांचा तुटवडा नाही. आलेलं काम तपासायला माणसं कमी पडतात.

आधी, हे चालवतं कोण

मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकानं लिहायला घेतलं, ते अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पडद्यावर नीट बघता यावेत म्हणून. २००३ मध्ये ते लोकांपुढे आलं. हंटर २०१२ मध्ये गेले. लायब्ररी चालूच आहे. फर्नांदो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन सुरू केलं तेव्हा ते भौतिकशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होते, आणि आज कॉलेजात सगळे उघडतात ती ज्युपिटरची वही त्यातूनच वाढली. न्युमेरिक आणि नमअ‍ॅरे या आकड्यांच्या रांगांवर हिशेब करणाऱ्या दोन लायब्रऱ्यांत लोक वाटले गेले होते, त्यांना ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी २००५-०६ मध्ये एका छताखाली आणलं, ते नमपाय. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराचं पहिलं चित्र जगानं पाहिलं, त्यामागच्या आकडेमोडीतही नमपाय, मॅटप्लॉटलिब आणि खगोलशास्त्राची अ‍ॅस्ट्रोपाय होती.

म्हणजे बहुतेकांनी आपापली अडचण सोडवायला हे लिहिलं आणि मग सांभाळत बसले. सांभाळणाऱ्यांना मेंटेनर म्हणतात. थोड्यांना त्याचा पगार मिळतो. बाकीचे नोकरी, प्रबंध, लेकरंबाळं उरकून रात्री बसतात. तुम्ही पाठवलेली प्रत्येक ओळ त्यांपैकी कुणीतरी वाचणार आहे, हे डोक्यात ठेवलं की पुढचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पहिली पायरी: जे वापरता तेच निवडा

“सोपा प्रकल्प सांगा” असं पोरं विचारतात. सोपा-अवघड बघू नका, तुमच्या हातातलं काय आहे ते बघा. जे सॉफ्टवेअर तुम्ही कधी चालवलंच नाही त्यात काय दुखतंय हे तुम्हाला कसं कळणार?

आपल्या भागात विषयांना तोटा नाही. पाटण, कऱ्हाडकडचे असाल तर भूकंप ही काही पुस्तकातली गोष्ट नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घराघरात सांगितला जातो, आणि धरणाच्या जलाशयाशी भूकंपांचा संबंध तपासताना जगभर कोयनेचं उदाहरण घेतलं जातं. कऱ्हाडजवळ हजारमाचीला जमिनीत खोल विवर घेऊन याच भूकंपांचा अभ्यास करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. भूकंपाच्या नोंदी वाचायला, गाळायला, त्यांचे आलेख काढायला पायथनमध्ये ऑब्सपाय आहे. पूररेषा, ओढे, शिवाराचे नकाशे यांत रस असेल तर क्यूजीआयएस. गॅरी शेरमन यांनी ते २००२ मध्ये सुरू केलं आणि आज सरकारी कचेऱ्यांपासून कॉलेजांपर्यंत ते चालतं. गणिताची आवड असेल तर सिमपाय: ते समीकरणं आकड्यांत न घालता अक्षरांतच सोडवतं, त्यामुळं बारावी-पदवीच्या गणितावरही त्यातल्या चुका पकडता येतात. आकाशाचं वेड असेल तर अ‍ॅस्ट्रोपाय किंवा पडद्यावर आकाश दाखवणारं स्टेलॅरियम. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे, सहलीत बघितलीही असेल. तिथली निरीक्षणं हाताळणारे लोकही असलीच साधनं वापरतात.

प्रकल्प जिवंत आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. शेवटची आवृत्ती कधी आली, गेल्या महिन्यात नव्या तक्रारींना कुणी उत्तरं दिली का, योगदानाची मार्गदर्शिका आहे का, परवान्याची फाइल आहे का. चारपैकी तीन नसतील तर दुसरीकडे जा. ओस पडलेल्या वाड्याला रंग देऊन उपयोग नाही.

दुसरी पायरी: नीट तक्रार लिहायला शिका

बग कळवणं हे योगदानच आहे, आणि चांगली तक्रार लिहिणारा मिळणं दुर्मीळ. तीन गोष्टी लागतात: काय केलं, काय अपेक्षित होतं, काय झालं. त्यासोबत समोरच्याला जसाच्या तसा चालवता येईल असा लहानात लहान कोड. तुमची चारशे ओळींची प्रोजेक्ट-फाइल नको. कापत कापत आठ-दहा ओळींवर आणा. कापताना निम्म्या वेळा चूक आपलीच होती असं दिसतं, आणि तक्रार करायची गरजच उरत नाही.

आवृत्ती लिहायची अजिबात विसरू नका. का, ते उदाहरणानंच सांगतो. कोयनेतून सुटणारं पाणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि तेच पुढं आपल्याकडं येतं, म्हणून विसर्गाचे आकडे इथं सगळ्यांच्या तोंडी असतात. समजा विसर्ग ५०,००० क्युसेक आहे आणि आकडेमोडीत त्याचा वर्ग लागला. उत्तर अडीच अब्ज यायला हवं. मित्राच्या विंडोजवर तेच उत्तर उणे १,७९,४९,६७,२९६ आलं. पाणी उलटं वाहिलं! माझ्या लिनक्सवर मात्र बरोबर. दोघांचा कोड एकच. झालं होतं असं, की नमपायच्या जुन्या आवृत्त्यांत विंडोजवर पूर्णांक मुळातच ३२ बिटांचा धरला जायचा, त्यात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही आणि मोजणी गरकन फिरून उणे बाजूला जाते. २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० पासून ६४ बिटांच्या विंडोजवरही ६४ बिटांचा पूर्णांक धरला जातो. आता तुम्ही आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम न लिहिता नुसतं “वर्ग चुकतो” असं कळवलं, तर मेंटेनर आपल्या यंत्रावर चालवून बघणार, त्याला बरोबर उत्तर मिळणार, आणि तो परत तुम्हालाच विचारणार. एक प्रश्न, एक रात्र. तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीत तर शो-व्हर्जन्स नावाचं फंक्शनच ठेवलंय: चालवा, आलेलं सगळं चिकटवा.

आणि हो, ०.१ अधिक ०.२ केल्यावर ०.३०००००००००००००००४ येतं, हे बग म्हणून कळवू नका. संगणक दशांश अपूर्णांक दोनच्या घातांच्या बेरजेत साठवतो, ०.१ त्यात तंतोतंत बसत नाही. दर काही दिवसांनी जगातला कुणीतरी नवा माणूस ही ‘चूक’ पकडतो.

तिसरी पायरी: सातबाऱ्याची झेरॉक्स

आता गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. बहुतेक प्रकल्प आज गिटहब या संकेतस्थळावर आहेत. शब्द ऐकून लोक घाबरतात, पण सातबारा ज्यानं काढलाय त्याला हे कळायला वेळ लागू नये.

मूळ सातबारा तलाठ्याकडं. त्यावर तुम्ही पेन लावू शकत नाही. तुम्ही स्वतःच्या नावावर एक प्रत काढून घेता, तो फोर्क. ती घरच्या लॅपटॉपवर आणली, म्हणजे क्लोन. प्रतीवर थेट गिरगटण्याऐवजी प्रत्येक कामासाठी वेगळा कागद लावता, ती ब्रँच. कागदावर केलेली तारीखवार नोंद म्हणजे कमिट. आणि शेवटी “माझी ही नोंद मूळ उताऱ्यावर चढवा” असा फेरफाराचा अर्ज करता, तो पुल रिक्वेस्ट. अर्ज केला की लगेच नोंद होत नाही. नोटीस निघते, हरकती येतात, मंडल अधिकारी बघतो, मंजूर केलं तर चढतं. इथंही तसंच. फरक एवढाच की हरकती सगळ्या जगासमोर, उघड्यावर येतात.

खातं उघडताना दोन गोष्टी आधीच करा. कोड टाकणाऱ्यांना गिटहबवर दुहेरी पडताळणी लागते, तिचे पर्यायी कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवल्यावर रडत बसलेली पोरं मी बघितलीत. दुसरं, प्रत्येक कमिटमध्ये तुमचा ईमेल कायमचा उमटतो. घरचा पत्ता उघड नको असेल तर गिटहब देतं तो झाकलेला पत्ता गिटच्या सेटिंगमध्ये घाला. नंतर पुसणं फार किचकट.

मग ते सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर मुळापासून बांधायचं, म्हणजे मूळ कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं. नवखे सगळ्यात जास्त गळतात ते इथंच. नमपाय आणि त्यावर उभं असलेलं वैज्ञानिक गणिताचं सायपाय नुसते पायथनमध्ये नाहीत. पोटात सी, सी-प्लस-प्लस आहे, सायपायमध्ये वर्षानुवर्षं फोरट्रानही होतं. कंपायलर, म्हणजे तो कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, लागतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकून त्याच्या आत लिनक्समध्ये काम करा, डोकेदुखी निम्म्यावर येते. जुन्या लॅपटॉपवर सायपाय बांधायला जेवण होऊन जाईल इतका वेळ लागतो, लागू दे. सबमॉड्यूल म्हणून काही भाग वेगळे आणावे लागतात, ते विसरलं की भलत्याच फाइलीचं नाव घेऊन बांधणी कोसळते. असं झालं तर मार्गदर्शिका पुन्हा वरून वाचा, आपण कुठली तरी ओळ गाळलेली असते. मोबाइलच्या डेटावर असाल तर सगळा इतिहास न आणता फक्त शेवटची अवस्था आणणारा उथळ क्लोन घ्या. यंत्र अगदीच दमलेलं असेल तर गिटहबच्या कोडस्पेसेसमध्ये ब्राउझरातूनच काम होतं, महिन्याला काही तास फुकट मिळतात.

आणि यातलं काहीच नको असेल तर सिमपायपासून सुरुवात करा. ते शुद्ध पायथन आहे, कंपायलर लागत नाही. माझा सल्ला तोच.

बांधून झालं की आधी काहीही न बदलता प्रकल्पासोबत येणाऱ्या, कोड तपासणाऱ्या चाचण्या चालवा. न बदलताच काही नापास होत असतील तर ते लिहून ठेवा. नाहीतर उद्या आपण मोडलं की आधीपासूनच मोडकं होतं, हे शोधत बसाल.

चौथी पायरी: पहिला बदल लहान, पण खरा

बहुतेक प्रकल्पांत नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल लावलेलं काम असतं (इश्यू म्हणजे नोंदवलेली तक्रार किंवा काम). तिथं गर्दीही तेवढीच. तासगावची एक मुलगी मला म्हणाली, “दादा, तीन आठवडे झाले, मला कुणी इश्यू असाइनच करेना.” मी बघितलं, तर तिच्या प्रतिक्रियेवर आणखी नऊ जणांनी तेच लिहिलं होतं: सर, प्लीज मला द्या. पहिली गोष्ट, तिथं सर-मॅडम कुणी नाही. नावानं हाक मारली तरी कुणाचा अपमान होत नाही. दुसरी गोष्ट, नमपाय, मॅटप्लॉटलिब यांसारखे प्रकल्प काम कुणाच्या नावावर लावतच नाहीत. त्यावर कुणाचा पुल रिक्वेस्ट उघडा नसेल तर सरळ काम करून पाठवायचं. प्रतिक्रिया लिहायचीच असेल तर तिच्यात माल हवा: मी हे नव्या आवृत्तीवर चालवून बघितलं, अजून तसंच होतं, मला वाटतं अमुक फंक्शनमध्ये गडबड आहे. त्या मुलीनं पुढच्या वेळी एवढंच केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला उत्तर आलं.

मला विचाराल तर पहिला बदल दस्तऐवजात, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणाऱ्या माहितीत, करावा. पण तुम्ही स्वतः अडलात तिथलाच. एखाद्या फंक्शनच्या माहितीत कोन अंशांत द्यायचा की रेडियनमध्ये हे लिहिलेलं नसतं. उदाहरण जुन्या आवृत्तीचं असतं आणि चालतच नाही. हे जुन्या माणसांना दिसत नाही, कारण त्यांना ते तोंडपाठ असतं. नवखेपणाचा हा फायदा फार तर सहा महिने टिकतो, तेवढ्यात उरकून घ्या.

याचा अर्थ स्वल्पविराम शोधत फिरा असा नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्ट मिळतो म्हणून जगभरातून निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका मारा झाला की हॅक्टोबरफेस्ट हा ऑक्टोबरातला ओपन सोर्सचा उपक्रम चालवणाऱ्यांना नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयार आहेत तेवढ्यांचंच काम धरावं लागलं. त्या गोंधळात आपल्याकडची पोरं बरीच होती. तो डाग अजून पुरता धुतला गेलेला नाही, म्हणून आपल्याकडून जाणारं काम जरा जास्तच स्वच्छ असावं असं मला वाटतं.

कोड बदलणार असाल तर चाचणीही लिहा. शक्यतो आधी चाचणी: जुन्या कोडवर ती नापास झाली पाहिजे, तुमच्या बदलानंतर पास. वैज्ञानिक सॉफ्टवेअरची इथं एक खास गंमत आहे. दोन दशांश उत्तरं तंतोतंत सारखी आहेत का, असं विचारायचंच नसतं. प्रोसेसर बदलला, आतली गणिताची लायब्ररी बदलली की शेवटचे आकडे हलतात. किती फरक चालेल हे ठरवून त्या मर्यादेत आहेत का, ते बघायचं. नमपायमध्ये त्यासाठी अ‍ॅसर्ट-ऑलक्लोज आहे. मर्यादा किती ठेवायची हा प्रोग्रामिंगपेक्षा त्या विषयाचा प्रश्न असतो, आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचे विद्यार्थी इथं संगणकवाल्यांच्या पुढं असतात. ज्यांनी प्रयोगशाळेत व्हर्नियर धरलाय त्यांना चूक किती चालते हे शिकवावं लागत नाही.

पाठवण्याआधी काय काय बदललंय ते स्वतः ओळीनं वाचा. मी तीन ओळी बदलून पाठवल्या होत्या आणि तिकडं अकराशे ओळी बदललेल्या दिसल्या. माझ्या एडिटरनं फाइल जतन करताना सगळ्या मोकळ्या जागा, ओळींचे शेवट ‘सुधारून’ टाकले होते. मेंटेनरनं शांतपणे विचारलं, “यातल्या कुठल्या तीन बघू?” तेव्हापासून आपोआप फॉरमॅट करणारी ती सोय मी दुसऱ्याच्या घरात शिरताना बंद ठेवतो.

कमिटच्या मथळ्याचीही रीत असते. नमपाय-सायपायमध्ये सुरुवातीला बग, डॉक, टेस्ट अशा अर्थाचं छोटं इंग्रजी बिरूद लावतात. प्रत्येक घरचा रिवाज वेगळा. आधीचे दहा मथळे वाचा आणि तसं लिहा.

पाचवी पायरी: पाठवल्यावर

पाठवल्यावर काही मिनिटांत लाल फुल्यांची रांग दिसेल. घाबरू नका. तुमचा बदल लिनक्स, मॅक, विंडोज आणि पायथनच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर आपोआप चालवून बघितला जातोय. लाल फुलीवर जाऊन नोंद उघडा, शेवटून वर वाचत या. कधी चूक ओळीच्या लांबीची असते, कधी तुमची नसतेच. पहिल्यांदाच पाठवत असाल तर या तपासण्या कुणी मेंटेनर मंजुरी देईपर्यंत सुरूही होत नाहीत, तेव्हा काहीच हललं नाही तरी पुन्हा पुन्हा पाठवू नका.

मग माणसाचं उत्तर. मेंटेनर युरोपात किंवा अमेरिकेत असले तर त्यांचं कामकाज आपण भाकरी खाऊन झोपायच्या बेतात असतो तेव्हा चालतं. उत्तर एका रात्रीत येईल किंवा तीन आठवड्यांनी. दोनेक आठवड्यांनी एक सभ्य आठवण केली तर कुणी रागवत नाही. दर दोन दिवसांनी केली तर रागवतात, आणि बरोबरच आहे.

वाचून पहिल्यांदा मन खट्टू होतं, हे सांगून ठेवतो. आपल्या शाळांत लाल शाई म्हणजे चूक. इथं वीस सूचना येणं याचा अर्थ कुणीतरी तुमचं काम लक्ष देऊन वाचलंय. प्रत्येक सूचनेला उत्तर द्या: केलं, किंवा असं करत नाही कारण अमुक. कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. आपल्या इंग्रजीची लाज बाळगायचं कारण नाही. तिथल्या कितीतरी जणांची ती दुसरी-तिसरी भाषा आहे, आणि छोटी साधी वाक्यं सगळ्यांनाच आवडतात. त्याच ब्रँचवर दुरुस्ती करून पुन्हा ढकला. नवा पुल रिक्वेस्ट उघडू नका.

कधी नकार येतो. माझ्या पहिल्या पाचांतले दोन बंद झाले. एक बदल योग्य होता, पण त्यानं जुन्या वापरकर्त्यांचा चालू कोड मोडला असता. संशोधनात दहा वर्षांपूर्वीचं उत्तर आज पुन्हा काढता यावं लागतं, त्यामुळं इथं ‘जास्त चांगलं’ नेहमी जिंकत नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं.

एआयला लिहायला सांगितलं तर?

मदत घ्या. चुकांची नोंद समजून घ्यायला, इंग्रजी सरळ करायला उत्तम. पण न समजलेला कोड आपल्या नावावर पाठवू नका. “ही ओळ का?” या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही की समोरच्याला लगेच कळतं, आणि पुढचं तुमचं खरं कामही संशयानं बघितलं जातं. अनेक प्रकल्पांनी याबद्दल नियम केलेत, कुठं उघड सांगायला लावतात, कुठं मनाई आहे. मार्गदर्शिकेत तेवढा भाग शोधून वाचा.

परवान्याचंही इथंच सांगून टाकतो. नमपाय, सायपायसारख्यांचा परवाना बीएसडी प्रकारचा, म्हणजे बराच मोकळा आहे, क्यूजीआयएसचा जीपीएल, म्हणजे त्यातून बनवलेलं वाटतानाही तोच परवाना लावायला लावणारा. जीपीएलमधला कोड उचलून बीएसडीच्या घरात ठेवता येत नाही. पाठ्यपुस्तकात छापलेला, कुठल्या उत्तरात सापडलेला कोडही तसाच. गणिताची पद्धत वापरायला मोकळीक असते, कुणाचा लिहिलेला कोड उतरवून घ्यायला नसते. नोकरी करत असाल तर करारात रिकाम्या वेळच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते एकदा बघा.

कोड नको असेल तर

भाषांतर आहे. क्यूजीआयएस आणि स्टेलॅरियम दोन्हींचं भाषांतर ट्रान्सिफेक्स या संकेतस्थळावर चालतं, गिट लागत नाही. वाटतं तितकं ते हलकं काम नाही. आकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टेलेशन’ला काय म्हणाल? दहापैकी आठ जण ‘नक्षत्र’ लिहितील. पण नक्षत्रं सत्तावीस, चंद्राच्या वाटेवरची. आणि खगोलशास्त्रातले मान्य ‘कॉन्स्टेलेशन’ ८८. तिथं ‘तारकासमूह’ हवं. ओरायनला ‘मृग’ आणि सिरियसला ‘व्याध’ म्हणणं मात्र बरोबर, ती आपली चालत आलेली नावं आहेत. पंचांग बघणारी आजी घरात असेल तर ती या कामात इंजिनिअर नातवापेक्षा उपयोगी पडेल. एकदा शब्द ठरला की सगळीकडे तोच ठेवायचा, आणि आधीच्या माणसानं ठरवलेला बदलायचा तर त्याला विचारून.

सोबत आणि पैसा

एकट्यानं पहिला महिना कंटाळवाणा जातो. सांगलीत वालचंद कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे. तुमच्या कॉलेजात नसेल तर चार जण रविवारी भडंगाचा पुडा घेऊन एकत्र बसलात तरी गट होतो. एकानं पाठवण्याआधी दुसऱ्यानं वाचायचं, एवढा एकच नियम ठेवा. गिट, पायथन, सायलॅब (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) यांचे प्राथमिक धडे मराठीतून हवे असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात शोधा, आणि त्याच संस्थेच्या फॉसी या ओपन सोर्सच्या प्रसारासाठीच्या प्रकल्पात उन्हाळी फेलोशिपही असतात.

गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स प्रकल्पांत काम करायचा उपक्रम २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून ते फक्त विद्यार्थ्यांपुरतं राहिलं नाही, १८ वर्षं पुरी झालेला नवखा कुणीही अर्ज करू शकतो, आणि मानधन मिळतं. नमपाय, मॅटप्लॉटलिब यांसारखे प्रकल्प नमफोकस या संस्थेच्या छत्राखाली त्यात येतात. पण अर्जाच्या महिन्यात उगवलेल्यांना तिथं कुणी ओळखत नाही. दिवाळीपासून लहानसहान कामं करत असाल तर मार्चमध्ये अर्ज लिहिताना तुमचं नाव आधीच त्यांच्या तोंडी असतं.

आलेखाचं काय झालं, ते राहिलं. काकांना दाखवायचा म्हणून मी शेवटी एक अडाणी युक्ती केली: कोडमध्ये वेलांटी म च्या आधी टाइप केली. संगणकाच्या लेखी ते अशुद्ध, पण शेपिंग नसल्यामुळं कागदावर ‘मिरज’ बरोबर उमटलं. तो छापलेला आलेख अजून काकांच्या जिन्यात, चिखलाच्या रेघेशेजारी लावलेला आहे. शेपिंग येणाऱ्या आवृत्तीवर माझी ही उलटी वेलांटी फुटणार आहे, म्हणून त्या ओळीशेजारी मी टीप लिहून ठेवलीय: ‘हे मुद्दाम चुकीचं लिहिलंय, नव्या आवृत्तीवर गेल्यावर आधी इथं बघ.’